खदानीतलं बेलपान

सालोमी, तुझं म्हणणं अर्धं खरं निघालं. अर्धंच. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू तिकडं स्वर्गात देवदूतांनासुद्धा सुखानं बसू द्यायची नाहीस.

एवढी मोठी बातमी आहे आणि ऐकायला तू नाहीस, याचा मला किती राग आलाय म्हणून सांगू! गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलत असते. परवा सिमेंट मागणाऱ्याला खिळे तोलून दिले. माझा मुलगा म्हणाला, "आई, लक्ष कुठं हाय तुजं?" कुठं असणार? गिरजात. म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

नाताळाचा मांडव उतरला आणि तू गेलीस. तुझी शवपेटी गिरजात आणली तेव्हा दर्शनी भिंतीतल्या मोठ्या खिडकीच्या जागी भगदाड होतं आणि त्यावर पत्रे ठोकलेले होते. भर दुपारी पाळकसाहेबांनी कंदील लावून शास्त्र वाचलं. मी नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर बसले होते. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला संताप आला. ज्या खिडकीसाठी ही बाई पंचांशी, मिस्त्र्याशी आणि सगळ्यांत जास्त माझ्याशी भांडली, तिच्याच समोर तिला अंधारात निरोप! वर गिरजाच्या मंडळीचं ठरलेलं होतंच: पावसाळ्याच्या आत खिडकी उभी राहिली नाही तर सगळी दर्शनी भिंत उतरवायची आणि तिथं स्लॅबचा हॉल बांधायचा. तू होतीस तोवर त्यांची हिंमत नव्हती. तुझ्यामागं त्यांना अडवणारं कोण होतं?

मी उंबऱ्यावर का बसायची हे तुला ठाऊक आहे, पण आज मलाच ते पुन्हा आठवायचंय. आम्ही लिंगायत, माझ्या गळ्यात लिंग. गावात बरी शाळा एकच, ती मिशनची. आई म्हणाली होती, "शाळंत जा, पण त्यांच्या देवळात पाय ठिवायचा न्हाई." नाही ठेवला मी पाय. उंबऱ्यावर बसले. उंबरा ना आत ना बाहेर, त्यामुळं आईचा शब्दही मोडला नाही आणि रविवार संध्याकाळची तुझी गाणीही बुडाली नाहीत. गाणारी पोरं वेदीजवळ, दाराकडं तोंड करून उभी असायची. तू पहिल्या रांगेत. गाता गाता मधेच तू माझ्याकडं बघून एक डोळा मिचकवायचीस. मीही लगेच मिचकवायची. मग आपली लग्नं झाली, दोघींचीही गावातल्या गावातच. तू त्याच शाळेत गणिताची बाई झालीस, मी सासरच्या लोखंड-सिमेंटच्या दुकानात गल्ल्यावर बसले. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी रविवारी संध्याकाळी मी उंबऱ्यावर आणि तू गाणाऱ्यांत. डोळा मिचकावणं काही सुटलं नाही. त्याबद्दल आपण एकमेकींशी कधी चकार शब्द काढला नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोललो, तेवढी एक सोडून.

आणि आपलं भांडण! तेही तेवढंच जुनं. आपलं गिरजाघर आहेच असं की त्यावरून भांडावं. सगळं गाव माळवदाचं, सपाट, मातीच्या रंगाचं. आणि मधेच हे काळ्या दगडाचं उंच, टोकदार प्रकरण. छपराला असा उतार की बर्फ घसरून पडावा, आणि इथं पावसाचीच मारामार! भिंतींना बाहेरून दगडी टेकू, आत किनवटच्या जंगलातल्या सागवानाच्या तुळया, आणि खिडक्या सगळ्या वर जाऊन टोकाला मिळणाऱ्या; उजेड मात्र यायचा तो दर्शनी भिंतीतल्या मोठ्या खिडकीतूनच, बाकीच्या म्हणजे नुसत्या फटी. लातूर जिल्हा झाल्यावर कुणी एक इंजिनिअर साहेब पाहणीला आले होते. मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे गॉथिक आहे." तुला कोण आनंद! दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग 'गॉथिक, गॉथिक' ओरडत घरी गेला. पण "इंग्रजांची कला" असं त्यांच्या तोंडून निघालं मात्र, तू पदर सावरून पुढं झालीस. "कमानी माह्या आजोबानं आखल्यात, साहेब." साहेब हसले. मीही हसले.

तुझे आजोबा वडार. दगड घडवायला म्हणून गावात आले, गिरजा उभा राहीपर्यंत इथलेच झाले आणि त्याच गिरजात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं मला मान्य. पण आखणी? आखणी गोऱ्या पाद्रीसाहेबाची, असं मी म्हणायची. पुरावा पाळकांच्या खोलीत काचेत लावलेला होता की! जुना नकाशा, त्यात मोठी खिडकी: एका उंच कमानीच्या पोटात दोन लहान टोकदार कमानी. मी तिकडं बोट दाखवायची. तू म्हणायचीस, "नकाशात हाय ती अन् भिंतीत हाय ती एकच हाय का? डोळे फुटले का तुहे?" मला बाई दोन्ही सारख्याच दिसायच्या.

जिल्हा झाला तेव्हा आपण किती नाचलो होतो! उस्मानाबादचे खेटे संपले म्हणून आमच्या ह्यांनी दुकानात पेढे वाटले. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या आणि नवे रस्ते. रस्ता आपल्या गावावरून गेला आणि खडीसाठी टेकडीला सुरुंग लागू लागले. दुपार झाली की धडाम्, भांडी थरथरायची. हळूहळू गिरजाच्या भिंतीला तडे दिसायला लागले, आणि एके सकाळी मोठ्या खिडकीची कमान पोटातल्या दोन्ही कमानींसकट खाली आली. रविवार नव्हता, म्हणून कुणी सापडलं नाही.

तू रडली नाहीस. पदर खोचलास आणि पडलेला एकेक दगड शाळेमागं नेऊन रचलास. "यातला एकबी दगड हालला तर गाठ माह्याशी हाय," असं गावभर सांगून आलीस. तरी एकानं घराच्या जोत्यासाठी म्हणून एक दगड उचललाच. तू त्याच्या दारात जाऊन बसलीस. त्याच्या बायकोनं चहा आणला, तोही घेतला नाहीस. दगड घेऊनच उठलीस.

मी म्हणाले, लिंटेल टाका. म्हणणारच! सगळा जिल्हा लिंटेल टाकत होता आणि त्यासाठी सळई आमच्याच दुकानातून जात होती. खिडकी चौकोनी करा, वर सिमेंट-सळईचं आडवं लिंटेल घाला, काम फत्ते. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही मी तुझ्या देवाला शिवी दिली. "चौकोनी खिडकी? गिरजाची तहसील कचेरी करून राहिलीस का तू?"

हणमंतू मिस्त्री मधे पडला. आडदांड माणूस, आवाज असा की कुजबुजला तरी वेशीपर्यंत ऐकू जावं. "बाई, अक्का, तुमी भांडू नगा. साचा द्या, कमान बांधतो. साचा न्हाई, तर मंग लिंटेल. मला तिसरं येत न्हाई." कमानीच्याच वळणाचा लाकडी साचा आधी उभा करायचा, त्यावर दगड रचायचे आणि चुना धरला की साचा खालून काढून घ्यायचा, ही रीत मला तेव्हा कळली. म्हणजे सगळं अडलं होतं ते एका वळणापाशी. तू काचेतला नकाशा उतरवलास आणि शाळेच्या मैदानात दोरी-खुंटी घेऊन ते वळण रांगोळीनं खऱ्या मापाचं आखलंस. त्यावर पडलेले दगड मांडले. बसेनात! दोन्हीकडून चढत गेले आणि टोकाला पोचायच्या आधीच संपले. वर ही एवढी फट. मी टाळी वाजवली. तू रांगोळीत उभी, हात कमरेवर. "बघ! नकाशा खोटा हाय. आजोबानं कमान बदलली, मी सांगत न्हवते?"

"लई मोठा इंजिनिअर होता तुजा आजोबा," मी म्हणाले. सगळे हसले, तूही हसलीस. त्यानंतर भगदाडावर पत्रे ठोकले गेले आणि भांडण तिथंच राहिलं. त्या पत्र्यांच्या अंधारातसुद्धा रविवारची आपली खूण मात्र कधी चुकली नाही.

मग तू आजारी पडलीस. नांदेडच्या दवाखान्यात तुला भेटायला आले, तेव्हा एसटीत वाटभर मनाशी जुळवत होते की आज सांगून टाकायचं, बाई, तुझी कमान तुला लखलाभ, लिंटेलचं मी पुन्हा नाव काढणार नाही. पण तू खिडकीचा विषयच काढला नाहीस. "टँकर येतो का गं? शाळंतल्या पोरींच्या पाण्याचं कोण बघतंय?" हेच विचारत राहिलीस. मी दशम्यांचा डबा ठेवला, तुझा हात हातात घेतला आणि निघाले. वाटलं, पुढच्या भेटीत सांगू. पुढची भेट पत्र्यांखाली झाली.

आता खरी गोष्ट ऐक.

पावसानं तोंड फिरवलं त्याला यंदा तिसरं वर्ष. टेकडीमागची ती जुनी खदान आठवते ना, जिच्यातून गिरजाचा दगड काढला? आपण लहानपणापासून ती पाण्यानंच भरलेली बघितली. बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा तिच्यात म्हशी डुंबत होत्या. यंदा तीही आटली. नुसता चिखल राहिला, तोही भेगाळला, आणि रोजगार हमीतून गाळ काढायचं काम निघालं. एक दिवस पारूबाई धावत दुकानात आली. गाळाच्या कामावर होती ती. अंगभर चिखल, डोळ्यांत पाणी. "महानंदाक्का, चला! खदानीत महादेव निघाला!"

मी गल्ला उघडाच टाकून पळाले. खदानीच्या तळाला एक मोठा सपाट खडक, गाळ काढून बायांनी तो पदरानं पुसला होता. त्यावर कोरलेलं बेलाचं पान! दोन बाजूंना दोन टोकं, मधे एक मोठं. काम थांबलं होतं, मुकादमसुद्धा पायताण काढून उभा होता. नारळ फुटले होते, हळदीकुंकवाचा सडा पडला होता. दुष्काळात महादेवाला पाणी घातलं की पाऊस येतो म्हणून बायांनी आपल्या प्यायच्या पाण्यातलं तांब्या-तांब्या पाणी त्या पानावर ओतलं होतं. आणि मी? मी लिंगायताची लेक, मी मागं राहीन? चपला काढल्या, कनवटीचं भस्म काढलं आणि गुडघ्यावर बसून त्या कोरलेल्या रेघेत बोटानं भरत निघाले.

बोट वर चढत गेलं, सालोमी. खालून सुरू झालं, हळूच आत झुकलं, टोकाला गेलं, पलीकडून उतरलं. आणि माझ्या हातानं मला सांगितलं. हे वळण मी जन्मभर डोक्यावर बघितलं होतं, उंबऱ्यावर बसून, मान वर करून, तुझी गाणी ऐकता ऐकता. मी अशी किंचाळले की बायांना वाटलं माझ्या अंगात आलं. दोघींनी मला धरलं, एकीनं कपाळाला मळवट भरला. "बोला, माय, पाऊस कवा येतो?" मी म्हणतेय, "अगं, खिडकी! खिडकी हाय ही!" आणि त्या एकमेकींना सांगतायत, "देवी खिडकी मागून राहिली."

हसू नकोस. पुढं ऐक. भस्म भरल्यावर रेघा लख्ख उठल्या, दगड घडवायच्या आधी खऱ्या मापात आखून घेतलेल्या. मोठी कमान, तिच्या पोटात दोन लहान, खुंट्या ठोकायचे खळगेसुद्धा जागच्या जागी. आणि मोठ्या कमानीच्या वर आणखी एक रेघ! उंच, निमुळती, अगदी काचेतल्या नकाशातली. तिच्यावर छिन्नीचे आडवे घाव घातलेले. आखली होती आणि खोडली होती. म्हणजे पाद्रीसाहेबाची कमान त्या खडकावर कुणीतरी रद्द केली आणि तिच्याखाली दुसरी आखली. तू रांगोळीत उभी राहून म्हणत होतीस तसंच. अगदी तसंच!

ती खिडकी आहे हे सगळ्यांना पटल्यावर बायांनी जोडलेले हात खाली घेतले. मला भीती वाटली. पण पारूबाई म्हणाली, "मंग काय झालं? हाळद लागली ती लागली. देवाच्याच घरची हाय न्हवं?" पाळकसाहेबांना बोलावणं गेलं. ते आले, नारळाची कवटी ओलांडून खडकावर उभे राहिले, हळदीनं माखलेल्या आपल्या खिडकीकडं वाकून बघायला लागले. मी म्हटलं, आता हे पुसायला सांगणार. ते म्हणाले, "कुणी पुसू नका. रेघ दिसत राहू दे."

तुझे दगड बैलगाडीनं खदानीत नेले. हणमंतूनं पहिला ठेवला, दुसरा ठेवला. आम्ही सगळे कडेनं उभे. दगड रेघेवरून चढत गेले, दोन्हीकडून, आणि वर नेमकी चावीच्या दगडापुरती, म्हणजे दोन्ही बाजू टोकाला धरून ठेवणाऱ्या शेवटच्या दगडापुरती, जागा राहिली. तो दगड कुठला माहीत आहे? ज्याच्यासाठी तू त्या माणसाच्या दारात जाऊन बसली होतीस, तो! फुटलेले काही मिस्त्रीनं नवे घडवले, बाकी सगळे तुझ्या राशीतले. तेव्हा मात्र मी रडले. हणमंतू ओरडला, "अक्का, दगडावर पानी पाडू नगा, माप चुकंल!" आणि स्वतःच डोळे पुसायला लागला.

आता तुझ्या अर्ध्या खऱ्याचं सांगते. खडकावरच फळ्या ठोकून साचा तयार केला आणि गड्यांनी तो उभाच खांद्यावर घेतला. खदानीकडून गिरजाकडं यायचं म्हणजे गावाची जुनी वेस ओलांडावीच लागते. वेशीची सावली आली आणि गडी खांदा बदलायला थांबले. मी मागून येत होते, बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिले. साचा वेशीच्या कमानीत बसला होता! घुसला नव्हता, अडकला नव्हता, बसला होता. डाव्या अंगाला बोटभर फट, उजव्या अंगाला बोटभर फट, टोकाला टोक. वेस निजामाच्याही आधीची, कुणी बांधली कुणालाच ठाऊक नाही. ज्या कमानीखालून आपण रोज पाण्याला, शेताला, शाळेला गेलो, तीच गिरजाच्या भिंतीत चढली होती आणि आपल्या दोघींनाही ते कधी दिसलं नव्हतं!

तेव्हा सालोमी, कमान साहेबानं आखली नाही, कबूल. पण तुझ्या आजोबांनीही ती आखली नाही. वेशीवरून उचलली! खडकावर त्यांचं नाव नाही, खूण नाही. त्यांनीच उचलली हेही मी तुझ्या शब्दावर धरून चाललेय. बहुतेक साहेबाची उंच कमान त्यांना भरवशाची वाटली नसेल. इतकी वर्षं गाड्या, बैल आणि वराती जिच्याखालून गेल्या, तीच बरी, असा त्यांनी विचार केला असेल. मला तर हे आखण्यापेक्षा मोठं वाटतं. पण भांडणाचा निकाल म्हणशील तर कमान गावाची निघाली. म्हणजे माझीसुद्धा. आता बोल.

बांधकाम चुन्यातच झालं. माझ्या दुकानातलं सिमेंटचं एक पोतंही त्या कमानीला लागलं नाही, याची मीच जातीनं काळजी घेतली, यावर तुझा विश्वास बसणार नाही. मुलगा म्हणाला, "आई, आपलं दुकान कशाचं हाय?" मी म्हटलं, गप बस. पण चुना विरवायला पाणी लागतं, आणि गावात टँकरपुढं हंड्यांची रांग. कुणाच्या तोंडचं काढून चुन्यात ओतायचं? पाळकसाहेब हात चोळत बसले. तर सकाळी पारूबाई आणि गाळावरच्या बाया गिरजाच्या आवारात हजर, प्रत्येकीच्या हातात तांब्या. "आमी पानावर पानी घालायचं बोललो होतो," पारूबाई म्हणाली. "तिथं वतायचं ते हितं वतू. पान तर तेच हाय." त्या रोज आल्या. चुना विरायचा तेव्हा जी वाफ उठायची, तिच्याकडं बघून त्या हात जोडायच्या. तू असतीस तर त्यांना वर्गात बसवून 'गॉथिक' म्हणायला लावलं असतंस.

शेवटी साचा काढायचा दिवस आला. सगळं गाव लोटलं, मंडळीचे पंच हाताची घडी घालून उभे. कमान राहिली तर भिंत राहणार, भिंत राहिली तर गिरजा राहणार. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, हणमंतूनं नारळ फोडला, कुणाचीच हरकत नव्हती. मग त्यानं घण हातात घेतला आणि विचारलं, "कमान कुनाची हाय? ज्याची हाय त्यानं खाली हुभं ऱ्हायाचं. आमच्यात रीत हाय. माझा बा सोताच्या कमानीखाली हुभा ऱ्हायचा."

कुणी पुढं होईना. सगळ्यांना ठाऊक होतं कमान कुणाची आहे ते. मला तुझी फार आठवण आली. मग मीच गेले. उंबरा खिडकीच्या बरोबर खाली, आणि उंबरा म्हणजे माझीच जागा, मला कुणाला विचारायचं होतं? पदर घट्ट घेतला, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि नेहमीसारखी बसले. मुलगा ओरडला, "आई, ऊठ तिथून!" मी उठले नाही. वर घणाचे ठोके पडायला लागले. पाचरी सुटल्या, साचा कुरकुरला, चुन्याची बारीक धूळ माझ्या डोक्यावर पडली. मी डोळे मिटले होते. मग एकदम शांत झालं आणि हणमंतू त्याच्या त्या राक्षसी आवाजात ओरडला, "हुभी हाय!" मी वर बघितलं. दगडांत आभाळ होतं, टोकदार, त्या वेशीतून दिसतं तसं.

आता एवढंच राहिलं.

त्या रविवारी संध्याकाळी उपासनेला मी उंबऱ्यावर बसायला गेले, तर पाळकसाहेब म्हणाले, "महानंदाबाई, गाणाऱ्यांत सालोमीबाईंची जागा रिकामी आहे. आज तुम्ही तिथं उभ्या राहा." मी म्हटलं, मला गाता येत नाही. ते म्हणाले, नुसतं उभं राहा. आई जाऊन किती वर्षं झाली, तरी मी मनात तिला विचारलं आणि उंबरा ओलांडला. पहिल्या रांगेत तुझ्या जागेवर जाऊन दाराकडं तोंड करून उभी राहिले. गाणं सुरू झालं. मावळतीचं ऊन नव्या खिडकीतून आत आलं, लांबलचक, थेट माझ्या चेहऱ्यावर, आणि माझा एक डोळा आपोआप मिटला.

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. म्हणजे सालोमी, ते नुसतं ऊन होतं? जन्मभर तुझ्या डोळ्यांत ऊन जात होतं, आणि मी वेडी उंबऱ्यावर बसून प्रत्येक वेळी उत्तर देत होते? भर उपासनेत मला हसू फुटलं. शेजारची पोरगी बघायला लागली. तोंडाला पदर लावला आणि हसता हसता एकाएकी आठवलं, पत्रे होते ना. ती सगळी पत्र्यांची वर्षं आत उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती, आणि तरी तू एकही रविवार चुकवला नव्हतास.

गाणं संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. ऊन खाली सरकलं, डोळ्यांवरून गेलं. मग मी दाराकडं बघून डोळा मिचकावला. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.